अर्धी गोळी

माफेतेंगच्या दवाखान्यातला व्हरांडा
बरोबर तीस मीटर. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू.
सहा मिनिटं चालायचं. पळायचं नाही, बोलायचं नाही.
दम लागला तर भिंतीला टेका,
घड्याळ मात्र टेकणार नाही.
हे मी इतक्यांदा सांगते
की झोपेतही बडबडते, असं नवरा म्हणतो.

एकशे सतरा नंबर. फॉर्मवर नाव लिहायचं नसतं,
म्हणून इथे लिहिते : सेआबाता रामाखुला.
वेल्कोमच्या खाणीत बावीस वर्षं.
सोनं वर गेलं, धूळ याच्यात राहिली.
एक्स-रेवर दिसते ती,
ज्वारीची कणी सांडावी तशी, दोन्ही अंगांना.

नळीत फुंकताना तो डोळे मिटतो.
फुंका, फुंका, अजून, अजून, संपेपर्यंत,
मी सुईणीसारखी ओरडते,
आणि पडद्यावर रेघ उठते,
टेकडी व्हायच्या आतच बसते.
एकदा म्हणाला, पोरी, आपल्या भाषेत
वारा, श्वास, आत्मा, तिघांना शब्द एकच, मोया.
तुझं यंत्र यातलं नक्की काय मोजतं?
मी म्हटलं, लिटर.

गोळीत औषध की खडू, त्याला ठाऊक नाही, मलाही नाही.
बाटल्या सारख्या, गोळ्या सारख्याच पिवळट.
कुठल्याशा एका संगणकाला माहीत आहे
आणि त्याची जीभ बांधलेली.
दर महिन्याला रिकामी बाटली मी उलटी करून आपटते.
साठ दिल्या, साठ संपल्या.
असा शिस्तीचा माणूस अकरा वर्षांत दुसरा नाही.
वहीत लिहिलं : उत्तम.

सातव्या महिन्यात तो आला नाही.
तीनदा फोन लावायचा, मग घरी जायचं, असा नियम.
गाडी थांबते तिथून पुढे चढ.
मला धाप लागली. थांबले.
हा चढ तो दर महिन्याला कसा,
हे आमच्या कुठल्याच रकान्यात नाही.

दारात उन्हाला दोघं बसलेले, एका घोंगडीत.
धाकटा खाउता. खाउता म्हणजे सोनं,
बाप खाणीतून पहिल्यांदा परतला त्या साली जन्मला म्हणून.
मी ओळखलं त्याला. मार्चात मीच परत पाठवलं होतं.
छातीत किमान चाळीस टक्के लागतात अभ्यासाला,
त्याचे भरले अडतीस.
म्हणजे जास्त आजारी, म्हणून औषध नाही.

खिडकीत भाकरीची सुरी,
पात्यावर पिवळी पूड.

सेआबाताने काही लपवलं नाही.
खाली एकाचा दिवा विझला
तर दुसऱ्याच्या उजेडात चालायचं, म्हणाला,
तेव्हा कुणी सही घेतली नव्हती.
मी नियम सांगितले. अर्ध्या गोळीने
दोघांचंही भागत नाही, हे सांगितलं.
कदाचित नुसता खडूच असेल, हेही.
खाउता हसला. हसण्याचा खोकला झाला.
तो संपेस्तोवर आम्ही तिघं जमिनीकडे बघत.
मग थोरला म्हणाला,
खडू तर खडू. दोघं मिळून फसलो.

मासेरूहून पत्र आलं : नियमभंग, गोळ्या बंद.
पण नंबर खोडायचा नाही.
ज्याला ज्या गटात टाकलं,
त्याने पुढे काहीही केलं
तरी शेवटी त्याच गटात मोजायचं.
आकडेमोडीच्या बाईंनी फोनवर दोनदा समजावलं.
मला ते आवडलं. का, ते सांगता येत नाही.
खाउता कुठल्याच गटात नाही,
हे विचारायचं राहून गेलं.

'कारण' या रकान्यात मी लिहिलं : भाऊ.
फॉर्म लाल शेऱ्यासह परत आलाय,
कृपया यादीतलं कारण निवडा.
यादी उघडून बसलेय.
नऊ कारणं आहेत.